उंदीर डूख धरत नाहीत

मल्लेश्वरम, बेंगळूरु

प्रिय मालोजी,

गंगव्वा वहिनींचा फोन आला. संधिवातानं तुझी बोटं वळेनात, शर्टाची बटणंसुद्धा त्या लावून देतात, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन तू घेत नाहीस. का, तर ते उंदरांपासून निघालंय! आपण शेंगांच्या गोदामात इतके उंदीर मारले, ते आता डाव साधणार, असं म्हणालास म्हणे. अरे खुळ्या, डूख साप धरतो. उंदराला तेवढी सवड कुठं?

माझी लेक सिद्धी इथं लॅबमध्ये उंदरांचंच काम करते. परवा तिनं मला आणि हिला ते दाखवले, तेही काचेबाहेरून. काय तो थाट! एसी, गाळलेलं पाणी, निवडक खाणं. आणि मी, त्यांचा जन्माचा वैरी, बाहेर बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून उभा! हिनं बाजारातून घेऊन मल्लिगेचा, म्हणजे आपल्या मोगऱ्याचा, गजरा माळला होता, तो दारातच काढायला लावला. वासानं बाळंतीण उंदरीण बिथरते म्हणे. माझ्या बाळंतपणात मला एवढं कुणी जपलं नव्हतं, असं ही तिथंच बोलून मोकळी झाली.

आता नीट ऐक. तुझं इंजेक्शन म्हणजे अँटिबॉडी, रोगाला नेमकं गाठून अडवणारं प्रथिन. उंदराची अँटिबॉडी माणसाला टोचली तर शरीर परकी म्हणून तिला हाकलतं. म्हणून या उंदरांत अँटिबॉडी बनवणारी जनुकं माणसाची घालतात. मग उंदीर बनवतो ती थेट माणसाच्या वळणाची. त्यातली नेमकी निवडायची आणि पुढं औषध मोठ्या टाकीत पेशी वाढवून तयार करायचं. सिद्धीचं औषध यायला वर्षं लागतील, पण तुझं अशाच उंदरांमुळं सापडलंय. बाटलीत उंदराचा केसही नसतो. उंदीर मात्र यात जिवानिशी जातात. ते सांगताना पोरीचा आवाज उतरला.

हे सगळं सिद्धीनं तुला फोनवर माझ्याहून बरं सांगितलं असतं. पत्र लिहितोय ते माझ्यासाठी. इथं मला कुणी अंकल म्हणतं, कुणी सर, दुकानदार अण्णा म्हणतो. माणसं गोड आहेत रे. पण 'ए पुरशा' म्हणून हाक मारणारा जगात तू एकटा उरलायस. तू अंथरुणाला खिळलास तर मला करमायचं नाही. रविवारच्या गाडीनं येतोय. सोमवारी दवाखान्यात नेईन, तेव्हा गुमान दंड पुढं कर.

तुझाच,
पुरशा