छपरातली फट

अप्पा, काल उद्यानाच्या समितीने ऑर्किडगृहाचा माझा नकाशा मान्य केला. कायमचा नाही, एका उन्हाळ्यापुरता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला मी कागद घेऊन बसले याचं मलाच नवल वाटतं. इथे दक्षिणेत आपली मराठी वाचणारं घरात आता दुसरं कोणी नाही, तेव्हा कागद टेबलावर उघडा राहिला तरी चालेल.

जागा तुम्हाला ठाऊक आहे. राजांच्या वेळचं वनस्पती-उद्यान आणि त्यातला तो चुन्याचा मंडप, जिथे तुम्ही कॉलेजची मुलं घेऊन जायचात. तो पाडून तिथे बंद काचघर उभारायचं, आत थंड हवेची यंत्रं लावायची, असं जवळजवळ ठरलंच होतं. अध्यक्ष मला म्हणाले, "अम्मा, मी सिंगापूर पाहून आलो. काय झकपक! आता आपल्याकडेही बाहेरची काच मिळते, आणि तुम्ही लाकडाच्या पट्ट्या लावता? हे काय, कोंबड्यांचं खुराडं?" सगळे हसले. मी म्हटलं, "सार, एप्रिलमध्ये भर दुपारी वीज जाते. काचेखाली झाडं शिजतील." मग नकाशा पसरला. मंडप जसाच्या तसा, त्याच्या भिंतीला न टेकता स्वतःच्या खांबांवर उभं राहणारं पट्ट्यांचं छप्पर, चारी बाजू वाऱ्याला मोकळ्या. काचच हवी असेल तर नकाशावरून माझं नाव काढा, असंही सांगितलं. आवाज चढवला नाही.

बोलताना मला आपलं मागलं अंगण दिसत होतं. आंब्याच्या फांदीला तुम्ही काथ्याने बांधलेलं ऑर्किड, त्याच्यावर फटी ठेवून विणलेली बांबूची तट्टी. मी लहान आहे आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी त्याच्या मुळांवर ओतते आहे. आपल्याकडे भात पाण्यात उभा, केळी पाण्यात उभी. जास्त पाणी म्हणजे जास्त माया, एवढंच मला माहीत. मुळं काळी पडतात. तुम्ही ती बोटांनी चेपून बघता. "हा भात नव्हे गे. ह्याची मुळं हवेत राहतात. भिजली की वाळायला हवीत." आपली अम्मा स्वयंपाकघरातून म्हणते, "एवढ्याशा पोरीला काय कॉलेज शिकवता?" वाचलेला एक कोंब तुम्ही लाकडाच्या ढलपीला बांधून माझ्या हातात देता. "घे. आता ह्याला थोडं विसरायला शीक."

तेच मी काल उद्यानाच्या मुख्य माळ्याला सांगितलं. तो पापनाशमकडचा, भातशेतीत वाढलेला. "मुळं वाळेपर्यंत पाणी नाही? लोक मला आळशी म्हणतील, अम्मा." म्हटलं, "म्हणू देत." उन्हाळ्यात झाडं तगली तर माझं छप्पर राहील, नाहीतर मंडप जाईल आणि काच येईल. तगतील. मी रोज सकाळी जाऊन मुळं चेपून बघणार आहे.

दोन पट्ट्यांमधली फट एवढीच का, असं समितीने विचारलं. मी सूर्याचे कोन मांडून दाखवले. ते बरोबर आहेत. पण पहिली रेघ ओढली तेव्हा ते मांडलेले नव्हते. तुमची तट्टी अजून न्हाणीच्या मागे उभी आहे, तिची फट मी फूटपट्टीने मोजली होती. गणिताने नंतर होकार दिला. दिला नसता तर मी कोणती फट ठेवली असती, ते मला सांगता येत नाही.