गोठलेल्या दोन बाटल्या

३ मार्च, सोमवार
चूक झाली. झाली कसली — केली मी, डोळ्यांदेखत.

थोरल्या सिस्टर लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. महिनाभर लसीची पेटी माझ्याकडे. एरवी मी दवाखान्यात पोचते तेव्हा त्यांनी पेटी भरून, झाकण लावून तयार ठेवलेली असते. आज मलाच उशीर झाला. फ्रीजरमधली बर्फाची पाकिटं दगडासारखी. नियम तोंडपाठ आहे मला — पाकिटं टेबलावर मांडायची, हलवून आत पाणी डुचमळेपर्यंत थांबायचं, मगच पेटीत. पण ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता आणि तिकडे शाळेत आया पोरांना घेऊन ताटकळल्या होत्या. म्हटलं, थंड ते थंडच. भरली तशीच.

शाळेत पेटी उघडली तर पाकिटाला टेकलेल्या दोन बाटल्या आतून घट्ट, पांढऱ्या. मुठीत धरल्या. पाच मिनिटांत पुन्हा पातळ, आधीसारख्याच दुधाळ. कुणाला काही कळलं नाही. त्याच दोन बाटल्यांतून एकोणीस पोरांना टोचलं.

४ मार्च
घास उतरत नाही.

५ मार्च
ट्रेनिंगची वही काढून बसले. फ्रीजरमधला बर्फ शून्याच्या कितीतरी खाली असतो, शेजारच्या बाटलीतली उष्णता ओढून घेतो — बाटली गोठते. तोच बर्फ वितळायला लागला की शून्यावरच अडून बसतो. मिळेल ती उष्णता वितळण्यातच घालवतो, आणि नुसत्या शून्याला ही लस गोठत नाही. म्हणून थांबायचं. माझ्याच अक्षरात आहे, खाली दोन रेघा मारून. शहाणी ती!

त्याच्याखाली — गोठलेली लस वितळली तरी पहिल्यासारखी होत नाही. अपाय करत नाही, पण तिच्यातला दम जातो.

पाण्याचा बर्फ, बर्फाचं पाणी. शाळेत किती सोपं वाटायचं ते.

नवरा म्हणतो, "एवढं काय मनाला लावून घेतेस? पोरं ठणठणीत आहेत ना?" आहेत. तेच तर. रोग दारात येईपर्यंत ठणठणीतच असणार.

६ मार्च
सोमवारच्या आयांपैकी एक बाजारात भेटली, लेक कडेवर. "चला सिस्टर, एक काळजी मिटली," म्हणाली. आणि मी हसले. लाज कशी वाटली नाही मला.

७ मार्च
गोठलेल्या दोनपैकी एकीत थोडी लस उरली होती; ती आणि एक चांगली बाटली हातात घेऊन एकदम हलवल्या, शेजारी शेजारी ठेवल्या. अर्ध्या तासानं चांगली अजून गढूळच. माझी — तळाशी चुन्यासारखा थर, वर नितळ पाणी. आता स्वतःची समजूत घालायलाही जागा नाही.

१० मार्च
डॉक्टरांना सांगितलं. तीनदा दारापर्यंत जाऊन परतले, चौथ्यांदा आत शिरले. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. मग म्हणाले, "यादी आणा. सगळ्यांना पुन्हा द्यायची." चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च
अकरा घरं झाली. प्रत्येक दारात तेच — "चूक माझी आहे, ती लस वाया गेलेली होती." कुणी पाणी विचारतं, कुणी तोंड फिरवतं. एका आजीनं तर उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "माझा नातू म्हणजे काय सुया खुपसायची उशी वाटला तुम्हाला?" काय खोटं बोलली? उद्या पुन्हा जाते.

१९ मार्च
एकोणिसावं झालं. त्या आजीचाच नातू. तिनंच मांडीवर घट्ट धरला त्याला. घरी येऊन पोटभर जेवले.

२ एप्रिल
थोरल्या सिस्टर परत आल्या. माझा पराक्रम दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत आपणच सांगावा म्हणून लवकर गेले. त्या पेटी भरत होत्या. पाकिटं फ्रीजरमधून काढून थेट आत, दगडासारखी.

"सिस्टर, आधी पाणी सुटू द्यायचं ना?"

"अगं, कडक असली की दिवसभर गार राहतं. आणि एखादी बाटली गोठलीच तर मुठीत धरायची, लगेच पातळ होते. सोळा वर्षं अशीच भरतेय मी."

त्यांचा हात धरला मी. "काय गं?" म्हणाल्या, हसत.