सरासरीचा गंधार

पुणे, १२ मार्च

प्रिय सुकेशनी,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. शनिवारी, ८ तारखेला, आमच्या विभागाच्या चर्चासत्रात मी माझा निबंध मांडला. विषय : गेल्या पन्नास वर्षांत बांधलेल्या नव्या रागांचं विश्लेषण कोणत्या पद्धतीने करावं.
२. वीस गायकांची ध्वनिमुद्रणं वापरली. सातवं तुझ्या बाबांचं, म्हणजे काकांनी स्वतः बांधलेल्या रागाचं.
३. पडद्यावर त्यांचं नाव आलं : पंडित किसन वाव्हळे.
४. पहिल्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "हे पंडित कधी झाले?" लोक हसले.
५. मी म्हणाले, "टायपिंगची चूक आहे," आणि सगळ्यांसमोर 'पंडित' हा शब्द पुसला.
६. त्या संध्याकाळी छपाईसाठी पाठवलेल्या निबंधात ते 'गायक क्र. ७, अप्रशिक्षित' आहेत.

'पंडित' हे पाळण्यातलं नाव आहे, पदवी नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. आपल्याकडे पंडित नावाची माणसं गावोगाव आहेत. काका राणीसावरगावच्या शाळेवर होते तेव्हा त्यांच्या एका वर्गाच्या हजेरीपटावरच दोन पंडित होते. पुण्यात हे कुणाला माहीत असायचं कारण नाही. मला माहीत होतं. आणि 'अप्रशिक्षित' हा शब्द कुणी सुचवला नव्हता, मीच निवडला. अकरा वर्षं दर रविवारी एसटीने परभणीला जाऊन काका गाणं शिकले. तू आणि मी डबा भरून द्यायचो.

माझ्या कामाबद्दल तू कधी विचारलं नाहीस, पण हे सांगायला हवं. नवा राग तपासायच्या मी तीन पद्धती घेतल्या होत्या. एक, ऐकून स्वरलिपी लिहायची. दोन, आवाजाच्या चढउताराचा आलेख काढायचा. तीन, गायक कोणत्या सुरावर किती वेळ थांबला ते मोजून प्रत्येक सुराची सरासरी जागा ठरवायची. तिसरी पद्धत झटपट होते, म्हणून मी तिच्यावर भर दिला. तिच्यात काकांचा गंधार 'अस्थिर' निघाला. माझ्या तक्त्यात त्याच्यापुढे लाल खूण आहे.

तो गंधार तुला आठवतो. गंगाखेडच्या घरात, पुढच्या खोलीत, पेटी बंद करून काका म्हणायचे, "ह्यो गंधार चढताना मान खाली घालून जातोय, अन् उतरताना ताठ मानेनं येतोय. त्याला एका जागी बांधू नका." आणि तू लगेच, "म्हंजी बायनाआत्यावानी! एसटीत चढताना 'जरा सरका वो बाई', अन् उतरताना कुणाकडं बघत बी न्हाई." काका इतके हसले की त्या दिवशी पुढे शिकवणं झालं नाही. नंतर काकांना तो गंधार मला कितीदा समजावून सांगावा लागला. तुझ्या गळ्यात तो पहिल्याच फेरीत बसला.

मी चढतानाचे आणि उतरतानाचे सूर वेगळे काढून मोजले तेव्हा दोन स्वच्छ जागा दिसल्या. चाळीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात काकांची एकही जागा चुकलेली नाही. मी दोन्हींची सरासरी काढली होती आणि ती मधल्या अशा ठिकाणी पडली होती, जिथे काकांनी एकदाही सूर लावलेला नाही. तो सूर त्यांचा नव्हताच, माझ्या पद्धतीचा होता. हे मला चर्चासत्राच्या आठ दिवस आधी कळलं होतं. खरं तर निबंधातला सर्वांत चांगला निष्कर्ष तोच झाला असता.

तो मी का मांडला नाही, हे स्वतःला विचारायला चार दिवस लागले. मांडला असता तर हा माणूस विचार करून राग बांधतो असं म्हणावं लागलं असतं. मग कोण, कुठले, कुणाचे शिष्य, असे प्रश्न आले असते. आपल्याकडे असे प्रश्न कुठे जाऊन थांबतात ते तुला ठाऊक आहे. इथे पाच वर्षांत मी कुणाला घराबद्दल बोलू दिलेलं नाही. तरी एक प्रश्न आलाच. पंडित पुसल्यावर आडनाव उरलं होतं, आणि तेच आडनाव पहिल्या पानावर माझ्या नावापुढे होतं. त्याच प्राध्यापकांनी सहज विचारलं, "तुमच्या नात्यातले का?" मी म्हणाले, "नाही. आमच्या भागात हे आडनाव बरंच आहे." सख्ख्या चुलत्याबद्दल. आवाज अजिबात हलला नाही.

काल सगुणाकाकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, "तुझं भाषण बगायचंय म्हनून हे रोज इचारायलेत, अन् ही सुकी म्हन्ती मोबाइलला नेटच न्हाई. शेजारच्या नीलमच्या मोबाइलला तर मस चालायलंय." त्या हसत होत्या. थेट प्रक्षेपणाची लिंक मी तुला आदल्या दिवशी पाठवली होती. म्हणजे तू सगळं पाहिलं आहेस आणि चार दिवस माझ्यासाठी त्यांच्याशी खोटं बोलते आहेस. ते थांबावं म्हणून हे पत्र. फोनवर मी विषय बदलला असता. रविवारी, २३ तारखेला, मी गंगाखेडला येते आणि काकांना मीच सांगते. दुरुस्त निबंध ३१ मार्चपर्यंत घेतात. काका हो म्हणाले तर पूर्ण नाव, नातं आणि त्यांचे दोन्ही गंधार लिहीन. नाही म्हणाले तर त्यांचं ध्वनिमुद्रण काढून घेईन. मी त्यांच्यासमोर येणं तुला नको असेल तर तसं स्पष्ट लिही. येऊ की नको, एवढं मला गुरुवारपर्यंत, २० मार्चपर्यंत कळव.

तू ठेवशील तर तुझीच,
संघप्रिया