साच्यातला दांडा

प्रिय ताई,

तो मेल्याचं तुला कळलंच असेल. आता माझ्याकडून ऐक. तू थट्टा करायचीस ना, प्लॅस्टिकच्या साच्यातून कसली मजबूत वस्तू निघणार म्हणून? त्या मंगळवारी चाकाच्या खुर्चीसाठी दांडा काढला होता. थ्रीडी प्रिंटरवर केलेल्या साच्याला आतून मेण चोळायचं, कार्बनच्या धाग्यांचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून ठासायचे, बोल्ट आवळायचे. दुसऱ्या दिवशी दांडा तयार. मी त्यावर उभी राहिले, तरी तसूभर वाकला नाही.

तेवढ्यात तुझा नवरा आत आला. आजवर अहो-जाहो केलं, आता जीभ वळत नाही. ‘कुठाय ती?’ एवढंच म्हणाला. तू घर सोडून कुठे गेलीस, मला माहीत नाही म्हटलं. त्याने फळीवरचे सगळे साचे खाली ओढले, बुटाने चिरडले. मग माझे केस धरून तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दोन दात गेले. डावा हात टेबलावरच्या व्हाइसच्या, वस्तू आवळून धरायच्या त्या शिकंज्याच्या, जबड्यात घातला आणि तिची मूठ फिरवत राहिला. दर फेऱ्याला तोच प्रश्न. कट्‌कन आवाज झाला, तर मला वाटलं, एखादा साचा राहिला होता तो फुटला. माझी बोटं होती.

लग्नानंतर तू भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावायला लागलीस. आई म्हणायची, तिला थंडी बाधते. मीही मान डोलावली. त्याची लाज हातापेक्षा जास्त ठणकते.

पोलिसांना मी सांगितलं, तो पुन्हा अंगावर आला म्हणून दांडा हाणला. आईलाही तेच. सगळे मला शूर म्हणतात.

ताई, तो अंगावर आला नव्हता. तिसऱ्या फेऱ्याला मी तुझा पत्ता सांगून टाकला. गल्ली, मजला, सगळं. तो हसला आणि पाठ फिरवून दाराकडे निघाला. मी उजव्या हाताने व्हाइस सैल केली आणि मागून दांडा डोक्यात घातला. पहिल्या घावातच तो पडला होता. पुढचे चार मी मोजून घातले. उद्या सकाळी ठाण्यात जाऊन खरं सांगणार आहे, पण तुला ते दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको होतं. आईजवळ राहा. आणि मला भेटायला यायचं की नाही, ते तू ठरव.

तुला विकून मग वाचवणारी,
तुझीच धाकटी