कापसाची प्रत आणि श्रावणजींचं वय

९ मार्च १९८२
अद्भुत! श्रावणजींनी डोळे मिटून गाडीतला कापूस घेतला, चिमटीत तंतू ओढला. "हा एका वावरातला नाई. दोन वावरं मिसळवली." शेतकरी खजील — "बुवा, तुमी पेरायले आलते काय?" सेलूच्या खरेदी केंद्रावर हा माणूस प्रत ठरवतो, आणि जूनअखेर अठ्ठावन्न भरतात म्हणून घरी!

शास्त्रकारांनी वानप्रस्थासाठी सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवाचं तोंड मागितलं. सरकारला शाळेचा दाखला पुरतो.

१० मार्च
नागपूरच्या दैनिकाला वार्तापत्र धाडलं — 'विद्या निवृत्त होते काय?' संपादक बहुधा लांबी कापतील, प्रश्नचिन्ह ठेवतील.

२ मे
एक जुलै ही श्रावणजींची जन्मतारीख हेडमास्तरांच्या कृपेची. त्या शाळेत अख्खा वर्ग एक जुलैलाच जन्मला! म्हणून तहसिलीत त्यांच्या हिंगणीचं जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्ममृत्यूची वही, उघडवलं. सापडलं! श्रावणजी तीन वर्षांनी लहान. तीन वर्षं नोकरी! नक्कल घेऊन धावलो.

त्यांनी वाचली. दोनदा. मग हळूच — "पंडितजी, माह्या हाताखालचा चिंधू अकरा वर्षं रोजंदारीवर वाट पाहून राह्यला. पर्मनंटसाठी त्याची वयाची अट ऑगस्टात संपते. जागा एक. मी बसलो तं तो गेला."

"आणि तुमच्याबरोबर विद्या जाते त्याचं काय?"

"ते तुमी छापा."

नक्कल घडी घालून माझ्याच पिशवीत ठेवली. सायकल हातात धरून निम्मी वाट चालत आलो. बसायचं सुचलं नाही.

३ मे
यायच्या दारालाही वयाची अट, जायच्या दारालाही. मी एकाच दारावर लेख लिहिला!

३० जून
हार, नारळ, फोटो. सीताबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "आता घरी माह्या पोळ्यायची प्रत लावतील!" श्रावणजी हसले. चिंधू मात्र रडत होता.

२२ नोव्हेंबर
श्रावणजी स्वतःच्या कापसाची गाडी घेऊन केंद्रावर. खुर्चीत चिंधू. तंतू ओढला, पुन्हा ओढला, घाम पुसला — आणि एक प्रत खाली! "काका, कापसाले पाणी लागलं हाय." श्रावणजींनी स्वतः चिमूट ओढून पाहिली, मान हलवली, पावती घेतली.

बाहेर येऊन मला म्हणाले, "हे छापू नका पंडितजी. माह्या बापाची गाडी आलती, तवा मी एक प्रत वर लावली होती."