सातव्या डब्यातला उजेड

३ तारीख, सोमवार

पोचले! बसमधून उतरताना पेटीच्या कडीने पोटरीला ओरखडा काढला, तेवढं सोडलं तर सगळं छान. घर दुमजली, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. माझी खोली जिन्याच्या वळणावर. एकच खिडकी, पण टेबल ऐसपैस. टेबल मोठं असलं की मला धीर येतो. अक्षरं आईकडून आणि सोल्डरिंग बाबांकडून मी एकाच जेवणाच्या टेबलावर शिकले. दहाव्या वर्षी शाळेत गेले तेव्हा बाईंना रेझिस्टरवरचे रंग वाचून दाखवले होते आणि बाई घाबरल्या होत्या.

घरात दोघंच. मला कामाला बोलावणारे काका, आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेले. त्यांची धाकटी बहीण, तिला मी आत्या म्हणायचं ठरलं. वरची अख्खी खोली काकांच्या खेळण्यातल्या रेल्वेने व्यापलेली: रूळ, बोगदा, दोन स्टेशनं. आत्या म्हणाली, दादाला आता दात उरले नाहीत, पण आगगाडी-आगगाडी काही सुटत नाही. काका म्हणाले, दात गेले म्हणूनच वेळ आहे.

माझं काम नऊ प्रवासी डब्यांत आतून दिवे बसवायचं. आठ-दहा दिवसांचं काम आहे. बाबांना फोन करून सांगितलं. ते एवढंच म्हणाले की हात धुऊन बस.

४ तारीख, मंगळवार

पहिला डबा झाला. डबा वीतभर लांब. छप्पर नखाने हलकेच उचकटायचं, रुळावरची वीज वर आणायला चाकांना टेकतील अशा पितळी पट्ट्या लावायच्या, तिथून केसाएवढ्या तारा शौचालयाच्या कोपऱ्यातून वर, छताला दिव्यांची पट्टी. छपराला आतून काळा रंग द्यायचा, नाहीतर प्लॅस्टिकमधून उजेड झिरपतो आणि डबा आकाशकंदिलासारखा दिसतो. एक कपॅसिटरही लावायचा, म्हणजे गाडी सांध्यावर हिसकली तरी दिवे मिचमिचत नाहीत. वीज बंद केल्यावरही ते दोन-तीन सेकंद रेंगाळून मग विझतात.

आत माणसं बसलेली आहेत! नखाएवढी, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. ती काकूंनी रंगवली. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या.

आज काकांनी मला स्टुलावर बसवून सगळं सांगितलं. काकूंनी शेवटची एक बाहुली स्वतःची केली आणि कुठल्यातरी डब्यात बसवून छप्पर लावून टाकलं. म्हणाल्या, दिवे लावशील तेव्हा शोध मला. काका दर महिन्याला म्हणायचे, पुढच्या महिन्यात लावतो. मग त्या आजारी पडल्या. तेव्हापासून काकांनी एकही छप्पर उघडलेलं नाही. त्यांना काकू खिडकीतूनच दिसायला हव्या आहेत, धावत्या गाडीच्या. म्हणून मला बोलावलं. तुला ती भेटेल, पण कुठल्या डब्यात ते मला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं आणि लहान मुलासारखे लाजले.

६ तारीख, गुरुवार

तीन डबे झाले. आत्या म्हणते, मी जेवतानाही हाताकडे बघत जेवते. खरं आहे. बाबांच्या नियमांची सवय. पहिला नियम, वितळेल ते सगळं आधी बाहेर काढायचं, मगच तापलेलं सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचं. दुसरा, चूक झाली की लगेच हात वर करून बोलायचं.

९ तारीख, रविवार

सातवा डबा उघडला आणि काकू दिसल्या. हिरवी शाल, चष्मा, कपाळावर पांढरी बट. जिन्यातल्या फोटोत आहेत तशाच. एक हात खिडकीशी उचललेला. तोंड हसतं, त्यात लाल रंगाचा एक ठिपका. मी दाराकडे बघितलं आणि उगाचच हसले.

१० तारीख, सोमवार

हे लिहिलंच पाहिजे.

सकाळी सातव्याच्या तारा जोडत होते. माणसं बसलेली सीटांची पट्टी बाहेर काढायला हवी होती. सहा डब्यांची काढली होती. आज म्हटलं, दोनच डाग द्यायचेत, राहू दे. खालून आत्याने चहाला हाक मारली. मी ओ द्यायला मान वळवली.

धुराची एक बारीकशी रेघ आली. बस.

काकूंच्या तोंडाच्या जागी आता काही नाही. नाकाखाली सगळं गुळगुळीत.

मी खाली गेले आणि चहा प्यायले. काकांनी विचारलं, कसं चाललंय. मी म्हटलं, छान. परत वर येऊन त्यांना चिमट्याने उचललं आणि त्याच डब्याच्या शौचालयात गोंदाच्या थेंबावर उभं केलं, जिथे खिडकीला घासून पांढरी केलेली काच आहे. छप्पर लावलं.

तेव्हा मी घाबरले होते म्हणून केलं, असं आत्ता लिहिणार होते. ते खरं नाही. मी अगदी शांतपणे केलं.

१२ तारीख, बुधवार

नऊही डबे झाले. दुपारी खोलीचे काळे पडदे ओढले आणि गाडी सोडली. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वळणाशी गाडी हळू होते, तिथे ते स्टूल घेऊन बसले. किती सुंदर दिसत होतं ते, नऊ डब्यांचा पिवळा उजेड.

त्यांनी गाडी अकरा वेळा फिरवायला लावली.

मग म्हणाले, राहू दे. ती बसलीच नाही गाडीत. उशीर केला मी, रागावली असणार. आत्या म्हणाली, अरे वहिनी कधी रागावायची का. ते म्हणाले, तुला काय माहीत.

मी तिथेच होते. हातात गाडी चालवायच्या कंट्रोलरची मूठ होती.

असंच मी एकदा आधीही न बोलता बघत राहिले आहे. सोळा वर्षांची होते. एका माणसाच्या आईचं टेबलावरचं घड्याळ बाबांच्या दुकानात दुरुस्तीला आलं होतं. तबकडीला माझ्या आयर्नचा चटका बसला. बाबांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. त्यांना वाटलं, आपल्याच हातून झालं. त्या माणसासमोर त्यांनी हात जोडले. त्यानंतर दुकानात फक्त सेल बदलून देत बसले. मी शेजारच्याच स्टुलावर होते. मी हात वर केला नाही.

उद्या काकांना सांगेन.

१३ तारीख, गुरुवार

नाही सांगितलं. ते जेवलेच नाहीत. जेवले की सांगू, असं ठरवलं होतं.

दुपारी वीज बंद केली. आठ डबे विझले. सातव्याच्या शौचालयाची खिडकी तेवढी पेटलेली. कपॅसिटर असेल म्हणून मोजत बसले. तीन, दहा, चाळीस. दोनशे झाल्यावर मी पडदा उघडून उन्हात उभी राहिले.

वरचा ओठ बधिर आहे. चहा हनुवटीवरून ओघळला. आत्या म्हणाली, लाळेरं बांधू का गं तुला. हसायला गेले तर ओठ ताणलेच जाईनात. तोंडात जळक्या प्लॅस्टिकची चव.

१४ तारीख, शुक्रवार

गाडी रुळावरून काढून टेबलावर ठेवली. चाकांना वीज नाही. खिडकी पेटलेलीच.

पांढऱ्या काचेमागे सावली आहे. हात उचललेला. मीच उभं केलंय त्यांना, सावली असणारच— पण तळवा काचेला टेकलेला आहे. मी तो टेकवला नव्हता.

छप्पर काढलं. शौचालय रिकामं. गोंदाचा थेंब आहे, काकू नाहीत. टेबलाखाली, पेटीत, बाहीत सगळीकडे शोधलं. छप्पर परत लावलं. काचेमागे सावली—

बाबांना फोन केला. त्यांना तरी सांगावं. घड्याळाचं आधी, मग हे. ते हॅलो म्हणाले. कोण बोलतंय म्हणाले. मी बोलत होते. खरंच बोलत होते— ते म्हणाले, आवाज येत नाही, आणि ठेवला.

१५ तारीख, शनिवार, सकाळ

आरशात बघितलं. ओठांची रेघ पुसट झाली आहे. बोट फिरवलं तर घसरतं.

आत्याने दारावर थाप मारून विचारलं, बरं नाही का. मी आतून टकटक केलं. ती म्हणाली, पड मग थोडी. आणि दादा कालपासून मोठ्याने बोलत बसलाय, म्हणाली. वहिनीची माफी मागतो. रिकाम्या खुर्चीकडे बघून. गाडीही परत रुळावर चढवलीय त्याने.

लिहून देते त्यांना. तेवढं तर येतं. पान फाडून देते.

शनिवार, दुपार

दार उघडत नाही. कडी लावलेली नाही.

खिडकी पांढरी झाली. बाहेरचं सायकलचं दुकान नाही, नुसता पांढरा उजेड, घासलेल्या काचेसारखा. छतातून एक पिवळा दिवा— इथे दिवा नव्हता.

फरशी हलते आहे. ठेक्यात. सांधा, सांधा.

काकांचा आवाज. फार मोठा, काचेपलीकडून. आत्याला बोलावताहेत. सातव्यात कोणीतरी आहे म्हणताहेत. सावली दिसते. ती आहे का गं, ती आहे का—

नाही काका. मी आहे. काचेवर हात मारते आहे. ओरडायला तोंड—

गाडी वळणाशी येते आहे. हळू होते आहे. हे पान काचेला लावून धरते. मोठ्या अक्षरात लिहिते.

काका, काकू गाडीत बसल्या होत्या. तुमच्यावर रागावल्या नव्हत्या. हात हलवत होत्या, हसत होत्या. तुमचा काही दोष नाही. माझ्याच हातून त्या—