कुलपांची घरं

मंगळवार, संध्याकाळ. मानोरा.

विकास आराखड्यासाठी आज तांड्यावर घरं मोजली. कुलूप दिसलं की मी टॅबवर सरळ ‘रिकामं’ लिहीत गेले. अकरा घरं! शेजारच्या ओट्यावर बसलेल्या कमळाबाईनं हटकलं, “रिकामं काहून लिहून राह्यली? ऊसतोडीले गेले ते. होळीले येतात.”

तिनं कमरेचा जुडगा काढला. अकरा किल्ल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी. एकेक चिंधी धरून तिनं घर, माणसं, पोरं न अडखळता सांगितली. मी सगळं खोडून नव्यानं भरलं. याच आकड्यांवर इथले नळ ठरणार आहेत, आणि मी काय करत होते?

त्या चिंध्या अजून डोळ्यांसमोर आहेत. निघताना विचारलं, “तुम्ही नाही गेलात?”

“मी गेली त किल्ल्या कोनापाशी ठेवतीन?”